श्रावणातली सुकट

टोकावड्याच्या बाईजाला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. यायचं, आणि बऱ्यापैकी यायचं. फक्त ते तिला पचायचं नाही. खोटं बोलली की ती उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायची, आणि शेजारची चंदा कुंपणापलीकडून ओरडायची, "काय गो, आज कोणाला फसवलंस?"

अशी ही बाई दर बुधवारी एसटीने मुरबाडला जाऊन व्यसनमुक्तीच्या खोलीत बसायची. व्यसन तिचं नव्हे हो, भाच्याचं. किशोर तिच्या भावाचा मुलगा. आई लहानपणीच गेली, बापाने दुसरा घरोबा केला, तेव्हा बाईजाने पोराला काखोटीला मारून आणलं ते कायमचंच. मोठा झाल्यावर तो भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर लागला. माळशेज घाट उतरायचा, कल्याणच्या मार्केटला माल टाकायचा आणि उलट्या पावली परत. झोप येऊ नये म्हणून कुणा दोस्ताने पावडर चाखवली. एमडी म्हणतात तिला, आणि पोरं लाडाने म्याऊ म्हणतात. हे कळलं तेव्हा बाईजाने कपाळावर हात मारून घेतला. "मेल्यांनो, विषाला मांजराचं नाव देता?"

त्या म्याऊने पोराची पार दशा केली. जेवण नाही, झोप नाही, नुसते दात खात बसायचा. भिंतीमागे कोणीतरी उभं आहे म्हणून हातात कोयता. एकदा तर घरातून निघून गेला तो थेट आटगाव स्टेशनच्या बाकावर सापडला, उघडाबंब. तेव्हापासून बाईजाच्या पोटात एकच भीती होती. पुढच्या वेळी गेला आणि सापडलाच नाही तर?

मुरबाडच्या त्या खोलीत कोणाला भरती करून घेत नसत. आठवड्याला यायचं, बोलायचं, लघवी तपासायला द्यायची आणि घरी जायचं. तिथल्या दिपाली मॅडम पोरांना सांगायच्या, "तलफ आली की अर्धा तास कसाही काढा. पाणी प्या, चाला, कोणाला तरी फोन लावा. ती आपोआप उतरते. आणि कधी घसरलात तर इथे येऊन सांगा. घसरला म्हणून कोणी संपत नाही. लपवतो, तो जास्त खोल जातो."

बाईजाला हे सगळं फार लाडाचं वाटलं. "सोडायचं म्हंजे सोडायचं! त्याच्यात एवढं बोलायचं काय?" ती भर खोलीत म्हणाली.

मॅडमनी तिच्या काळ्या दातांकडे पाहिलं. "मावशी, मिश्री लावता?"

"लावते की. लग्नाच्या आधीपासून."

"मग तुम्हीही सोडा ना, किशोरबरोबर."

सगळी पोरं बघत होती. आता माघार घेईल ती बाईजा कसली! तिने कनवटीची डबी काढली आणि टेबलावर आपटली. टाळ्या पडल्या. कितीतरी महिन्यांनी किशोर तोंडभर हसला, आणि ते हसू बघून बाईजाला वाटलं, डबीच काय, दात मागितले असते तरी दिले असते.

हा तोरा दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला. चूल पेटवली आणि हात सवयीने कनवटीला गेला. तिथे काय, कप्पाळ! हिरड्या शिवशिवायला लागल्या, डोकं ठणकायला लागलं. ती कोंबड्यांवर ओरडली, मांजरीला हाकललं, चंदाशी विनाकारण भांडली. अर्धा तास काढायचा म्हणून ओटा सारवला, तर तलफ सारवलेल्या ओट्यावर पाय पसरून बसलेली.

पुढच्या बुधवारी किशोर खोलीत बसला आणि बाईजा "जरा मिरच्या बघून येते" म्हणून बाजारात सटकली. मिरच्या आल्याच नाहीत. लुगड्याच्या घोळात तंबाखूची पानं आली.

आता पंचाईत अशी, की मिश्री करायची तर तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजावी लागते, आणि तो वास अख्ख्या आळीला ठसका लावतो. बाजारातली तयार मिश्री तिला गोड लागत नसे, आणि गावात दुकान एकच, तेही चंदाचं. बाईजाने डोकं लढवलं. आधी तव्यावर मूठभर सुकट टाकायची, तिचा घमघमाट सुटला की बाजूला तंबाखू. सुकटीपुढे कोणाचं नाक चालतंय!

युक्ती झकास चालली. किशोर भेटेल त्याला सांगत सुटला, "आमची आते या वयात मिश्री सोडते, मग मी काय मेलोय काय?" हे ऐकलं की बाईजा भांडी घासायला पळायची. घासून घासून पातेल्यांची बुडं पातळ झाली.

आणि मग एक दिवस ती शेतावरून आली तर किशोर ओटीवर मिक्सर उघडून बसलेला. स्क्रू, वायर, पाती, सगळं फडक्यावर मांडून टूथब्रशने घासत होता. सकाळची भाकर तशीच पडलेली. तोंडाची टकळी थांबत नव्हती, खालचा ओठ चावून चावून सोललेला. बाईजाने खुरपं कोपऱ्यात ठेवलं.

"उद्या बुधवार हाय रे," ती हळूच म्हणाली.

"उद्या नाय जमणार आते. टाइम नाय."

ओरडावं तर उठून जाईल. गप्प बसावं तरी जाईल. काय करावं ते सुचेना, म्हणून तिने चूल पेटवली, तवा ठेवला. हात आपसूक सुकटीच्या डब्याकडे गेला, त्यामागोमाग तंबाखूकडे. घमघमाट सुटला, आणि चंदा कुंपण ओलांडून थेट दारात.

"गो बाईजा! श्रावणात सुकट?"

बाईजाचा हात तव्यावरच थांबला. आयुष्यात श्रावणात माशाचं नाव न घेतलेली बाई. महिना कधी बदलला ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मांजरीला करते," ती म्हणाली.

चंदाने नाक वर करून एक लांब श्वास घेतला आणि तिला ठसका लागला. "मांजरीला? मग तुझी मांजर मिश्री पण लावते काय गो?"

किशोरच्या हातातला टूथब्रश खाली पडला. तो आधी आतेकडे बघत राहिला, मग फिस्सकन हसला. बाईजा हसली नाही. तिने चंदाला "जा गो घरी तू" म्हणून वाटेला लावलं, तवा उतरवला आणि मिक्सरच्या पसाऱ्यात येऊन बसली.

"घसरले रे मी," ती म्हणाली. "डबी आपटली त्याच्या पुढच्याच बुधवारी. रोज तुझ्यासमोर मिरवले. लाज वाटते मला."

किशोर मान खाली घालून एकच स्क्रू फिरवत होता.

"उद्या मॅडमला सांगायला जायचंय. एकटीला भीती वाटते. तू चल ना सोबतीला."

त्याने स्क्रू फडक्यावर ठेवला. "आते, मी पण..."

"ठाव हाय मला. चांगला चालता मिक्सर कोण उघडतो?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "आज कोणाला काही सांगायचंय?" तर दोन हात वर झाले. "आदी मी," बाईजा म्हणाली, "मी वयानं मोठी हाय." सुकटीची गोष्ट ऐकून खोलीतली पोरं पोट धरधरून हसली. मग किशोर बोलला, तेव्हा कोणी हसलं नाही. मॅडमनी त्याच्या फोनमधून पावडरवाल्याचा नंबर बाईजाच्या हाताने पुसवला, आणि बाईजाचं तंबाखूचं पुडकं किशोरच्या हाताने कचऱ्यात टाकवलं.

परतीच्या एसटीत किशोरला झोप लागली. किती रात्रींची राहिलेली कोण जाणे. डोकं बाईजाच्या खांद्यावर येऊन पडलं, तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तस्सा. तेवढ्यात बाईजाच्या हिरड्या शिवशिवल्या. पुढच्या सीटवर एक म्हातारी मजेत मिश्री लावत होती. तिने मागे वळून डबी पुढे केली.

"नको गो बाय," बाईजा कुजबुजली. "हात हलवला तर पोरगा उठंल."