मीटरच्या नटावरची कुंकवाची रेघ

वाशीमच्या एका हौशी माणसाची जुनी स्पोर्ट्स कार आमच्या शेडमध्ये कामाला होती. बुटकी, पांढरी, टप नसलेली. सीटा दोनच. माझा नवरा वाशीम जिल्ह्यातल्याच शिरपुरात गाड्यांचा मिस्त्री आहे. दसऱ्याच्या पूजेआधी त्याने तिचं इंजिन आणि खालचा सांगाडा काळ्या ऑइलपेंटने रंगवला. नटबोल्टही सोडले नाहीत.

त्यानंतर स्पीडचा काटा बंद पडू लागला. नवरा गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत जाणारी नवी केबल टाकायचा, ट्रायलला मालेगाव रोडला जायचा, आणि परत येईपर्यंत काटा मेलेला, किलोमीटरचे आकडेही थांबलेले.

मालक गाडी पाहायला आला तेव्हा मी चहा देऊन दाराआड थांबले. तो हसत म्हणाला, "काहून मिस्त्री, मीटर बंद करून कोणाले फिरवून राह्यले?"

"कोणाले फिरवतो भाऊ! बाजूच्या सीटवर पाना-पक्कड बसते," नवरा म्हणाला.

दोघं हसले. मला हसू आलं नाही. मला त्या गाडीत त्याने एकदाही बस म्हटलं नव्हतं. ट्रायलहून आला की तो गुणगुणत हात धुवायचा. मी त्याचा शर्ट हुंगायचे. पेट्रोलचाच वास यायचा. त्याखाली दुसरा एखादा लपलाय का, म्हणून पुन्हा हुंगायचे.

विचारायची हिंमत नव्हती.

पुढची केबल लागली तेव्हा मी मीटरमागे, केबल आवळायच्या नटावरून शेजारच्या पत्र्यावर कुंकवाची रेघ ओढली. केबल सोडायला त्याने नट फिरवला तर रेघ तुटणार होती.

तो जाऊन आला. काटा पुन्हा बंद. मी वाकून पाहिलं, रेघ शाबूत. मग खालचं टोक सोडलं असेल, असं मनाने लगेच ठरवलं. ते ढिलं आहे का पाहायला मी केबल मुठीत धरली. नवरा उघड्या बोनेटमागे होता, मी त्याला दिसत नव्हते. त्याने इंजिनजवळच्या बटणाने तिथूनच स्टार्टर मारला, इंजिन चालू होईना म्हणून मारतच राहिला.

केबल तव्यासारखी तापली. मी ओरडले.

तो धावत आला, त्याने केबलला बोट लावून पाहिलं. "हे कायले तापते वं?" म्हणत गाडीखाली शिरला. इंजिनपासून सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी त्याने सोडली. तिच्या बोल्टाखाली रंगाचा जाड थर होता.

"म्याच रंगवली ना हे! स्टार्टरच्या करंटले परत जायले वाट नाही राह्यली, तं तो केबलीतून जाऊन राह्यला. आतली तार भाजून अडकते."

रंग खरवडून, पट्टी आवळून त्याने नवी केबल टाकली. मग माझ्या हाताला कोरफड लावता लावता म्हणाला, "पण तू काहून धरली होती केबल?"

मी खाली पाहिलं. त्याची नजर मीटरमागच्या कुंकवावर गेली. नट फिरवताना बोटाला लागलेला लाल रंग त्याने पँटला पुसला.

"गाडीची पूजा तं दसऱ्यालेच झाली होती," तो म्हणाला. "चाल, बस. काटा तूच पाह्यजो."

बसण्याआधी मी सीटवरून हात फिरवला. पान्याचं ग्रीस बोटांना लागलं. तेही मी नाकाशी नेऊन पाहिलं.