आडवा पाडलेला जनरेटर

डिसेंबरातलं ते वादळ संध्याकाळी रायपूरला पोचायचं होतं, पण लाइन दुपारीच गेली आणि आत बाबांचं ऑक्सिजनचं मशीन किंचाळायला लागलं. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये उभी हयात घालवलेल्या माणसाची फुप्फुसं आता विजेवर चालतात. मी त्यांना छोटा सिलिंडर लावून दिला. काटा अर्ध्याच्या खाली होता. फार तर तासभर. आई दुसरा सिलिंडर शोधायला धावत बाहेर गेली.

मी अंगणातल्या जनरेटरला भिडले. चोक ओढून दोरी खेचली. नाही. दहा वेळा, वीस वेळा खेचली. नाही. मग आमच्या चौबे कॉलनीत म्हातारी स्कूटर वर्षानुवर्षं जशी सुरू केली तेच केलं: पेट्रोल उतरावं म्हणून जनरेटर सरळ आडवा पाडला. उभा केला तर तेल-पेट्रोल बाहेर गळून माझे हात काळे झाले आणि दोरी हलेना. जोर लावला तशी ती उलटी झटकली, मूठ लोखंडावर आपटली, बोटांची सालं निघाली. मी त्याला लाथ घातली. मग दुसरी. मग पाना उचलून कव्हरवर पोचा येईपर्यंत हाणत राहिले.

बाबा दारात खुर्ची टाकून बघत होते.

"त्याले आडवं काहून पाडलं? ते का तुही स्कूटर व्हय? खालचं ऑइल बी वर चढलं. झालं ना ओव्हर, भिजला ना प्लग!"

"तुमी चूप बसा, बाबा."

"अकलेचा कांदा! माह्या हाताखाली असती तर..."

"तर काय केलं असतं?"

"चार ठेवून देल्या असत्या. तुह्या मायले देत होतो तश्या."

आणि ते हसले. म्हणजे खोकले, पण हसले.

मी गेले आणि काडकन थोबाडीत दिली. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मग दिसलं, की नाकातली नळी पडलीय, ओठ निळे होताहेत आणि ते हातानं हवेत चाचपडताहेत. माझी गाळण उडाली. नळी उचलून परत नाकात बसवली.

श्वास आल्यावर ते एवढंच म्हणाले, "प्लग काढ. चोक बंद कर."

प्लग काढून दोरी ओढली तसा तेल-पेट्रोलचा काळा फवारा भिंतीवर उडाला. उडायचा थांबेपर्यंत ओढत राहिले. प्लग पुसून घट्ट बसवला. तिसऱ्या झटक्याला जनरेटर धूर ओकत सुरू झाला. आतलं मशीन घरघरायला लागलं.

तेवढ्यात आई रिकाम्या हातांनी परतली. बाबांच्या गालावर माझी चार काळी बोटं होती.

"हे काय लागलं तुमाले?"

"ऑइल उडालं," बाबा म्हणाले.

तिनं पदर ओला करून गाल पुसला. तेल गेलं, बोटं लाल होऊन तशीच राहिली. तिनं वळून माझ्या हाताकडे पाहिलं.

"जा बाई, हात धुऊन घे," ती हळूच म्हणाली. बाबांचा हात चालायचा त्या दिवसांत त्यांच्याशी बोलताना ती दोन पावलं लांब उभी राहायची. तेवढीच लांब ती माझ्यापासून उभी होती.