इमामपूरच्या घाटात कापलेला पट्टा

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी पांढरी ॲम्बॅसडर सोनईहून केडगावला माझ्या दारात आली तेव्हा त्यांनी एकच बजावलं होतं, "इंजनाला हात लावू नका. बाकी काय करायचं ते करा." डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांचं गाडी चालवणं थांबलं होतं आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहून खराब होत होती. मला ती रोज बँकेत न्यायची होती. पण उन्हाळ्यात तिच्यात बसणं म्हणजे तव्यावर बसण्यासारखं, म्हणून मी आधी एसीचं बघायचं ठरवलं.

एसी होता. डॅशबोर्डखाली जाळीची काळी पेटी, तिला दोन बटणं. मुंबईच्या कुठल्याशा ठेकेदाराकडून अण्णांनी गाडी घेतली तेव्हा ती पेटी गाडीत बसवलेलीच होती. आम्ही भावंडं ती बटणं फिरवत बसायचो. वारा आलेला मला आठवत नाही. विचारलं की अण्णा म्हणायचे, "बंद पडलाय," आणि विषय बदलायचे.

केडगावच्या बायपासजवळ गाड्यांचे एसी करणारा एक मिस्त्री आहे. पाथर्डीकडचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे, आणि हा ऊस तोडणाऱ्या मशीनच्या केबिनचे एसी दुरुस्त करता करता या धंद्यात शिरला. त्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसताच बघत उभा राहिला.

"ताई, एवढा जुना म्या बी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "ह्यातला गॅस आता मिळत न्हाई. नव्या गॅसवर न्यावा लागंल."

"म्हणजे गॅस काढून दुसरा भरायचा?"

"तसं न्हाई जमत. जुन्या गॅसचं तेल येगळं, नव्याचं येगळं. दोन्ही एकत्र झाले की आत चिखल हुतो. नळ्या धुवाव्या लागतील, समदी रबरं बदलावी लागतील. आन् हे धूड..." त्याने एका काळ्या लोखंडी गोळ्यावर टिचकी मारली. "हा कॉम्प्रेसर. ह्याची पुली हातानं फिरली पायजे. फिरवून बघा."

मी दोन्ही हातांनी जोर लावला. पुली हलली नाही.

"जाम झालीय," तो म्हणाला. "पण इंजनावरून हिला फिरवनारा पट्टा कुठंय?"

पट्टा सापडला डिकीत, स्टेपनीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मिस्त्रीने तो उजेडात धरला. एका जागी रबर जळून काळंकुट्ट झालं होतं आणि तिथून हातभर पुढे आरपार कापलेलं होतं.

"तुटला असता तर धागे निघाले असते," तो म्हणाला. "हा कुनीतरी कापलाय. पाना लावून सोडवायचा ऱ्हातो, कापत न्हाई कुनी. अन्नांना इचारा की."

फोनवर अण्णा एवढंच म्हणाले, "रविवारी ये, मग सांगतो."

रविवारी ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. गाडी घेतली तेव्हा मी पाळण्यात होते. आसपास दुसरी चारचाकी नव्हती, त्यामुळे रात्री-अपरात्री लोक आमच्याच दारात यायचे. हंगाम संपत आलेला, ऊन तापलेलं. तोडणीवाल्यांच्या टोळीतली एक बाई अडली होती. गावातल्या डॉक्टरांनी नगरला न्यायला सांगितलं. तिच्यासोबत तिची सासू.

"ती बाई घामानं निथळत हुती," अण्णा म्हणाले. "म्हणून एसी फुल्ल लावला. घोडेगावपर्यंत झ्याक. इमामपूरच्या घाटात गाडी चढाला लागली आन् समोरून किंचाळल्यावानी आवाज, मग धूर. एसी बंद केला तरी धूर थांबंना. इंजन दम टाकाय लागलं. बॉनेट उघडलं तर एसीचा पट्टा जळतोय. पाने हुते, पण समदं एवढं तापलेलं की बोट लावता येईना."

"मग?"

"तिच्या सासूनं पिशवीतून कोयता काढला. ऊसतोडीचा. म्हणाली, हे घ्या. म्या इंजन बंद केलं, पट्टा कापला, आन् निघालो."

त्या बाईला नगरच्या दवाखान्यात मुलगी झाली. पुढच्या हंगामात टोळी आली तेव्हा सासू मुलीला कडेवर घेऊन दाखवायला आली होती. नंतर ती टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली.

"मग आम्हाला कधी का नाही सांगितलंत?"

"तुझी आई म्हणाली, पोरांना सांगू नका. मागच्या सीटवर काय काय सांडलं हुतं ते कळलं तर बसायची न्हाईत. आन् एसीचं म्हणशील तर, पुन्हा लावायचा धीरच झाला न्हाई. घाटात कुनी अडलेलं असलं म्हणजे?"

मिस्त्रीला हे सांगितलं तेव्हा तो नळ्या धूत होता. त्याचा हात थांबला.

"माझी आई कोपीवरच बाळंत झाली," तो म्हणाला. "उसाच्या पाचटाच्या झोपडीत. माझ्या वक्ताला. गाडी न्हवती कुनाकडं." मग पुन्हा नळीत हवा मारू लागला.

त्याने जुन्या गोळ्याच्या जागी एका छोट्या गाडीचा हलका कॉम्प्रेसर आणि नवा पट्टा बसवला. कॉम्प्रेसर नीट बसावा म्हणून लेथवाल्याकडून लोखंडी पट्टी करून आणली. नळ्यांत दाब देऊन साबणाचं पाणी लावलं. एका सांध्यावर फुगे आले, ती गळती बंद केली. नवा गॅस भरला, तोही जुन्याला लागायचा त्यापेक्षा कमी. पहिल्या दिवशी वारा गार आला, पण इंजिनाच्या तापमानाचा काटा चढला. त्याचं कारण त्यालाही लगेच कळेना. मग रेडिएटरपुढे विजेचा एक जादा पंखा लावून बघितला, तेव्हा काटा खाली आला.

"आता घाट चढून बघू," तो म्हणाला. "अन्नांना घेऊन."

सोनईहून एसी लावून निघालो. गाडी मी चालवत होते, अण्णा शेजारी, मिस्त्री मागे. घाटाआधीच्या पांढरीच्या पुलापाशी अण्णांनी खिडकीची काच अर्धी खाली केली. घाट सुरू झाला तेव्हा त्यांची नजर काट्यावरून हलत नव्हती. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच राहिला.

"बंद कर आता," ते एकदा म्हणाले.

"राहू द्या अन्ना," मागून मिस्त्री म्हणाला. "काय आवाज आला तर मीच सांगतो."

एका वळणावर अण्णांनी बोट दाखवलं. "तिथं थांबलो हुतो." मी वेग कमी केला. तिथे काही नव्हतं, नुसता कठडा आणि करवंदीची जाळी. थोड्या वेळाने त्यांनी काच वर केली.

माथ्यावर गाडी बाजूला घेतली, एसी चालूच ठेवला. अण्णा उतरले, पुढे जाऊन वाकले आणि म्हणाले, "मिस्त्री, पाणी गळतंय."

"ते रेडिएटरचं न्हाई अन्ना. हवेतलं हाय. आत गार नळीवर जमतं, मग खाली टिपकतं."

"हवेतलं?" अण्णांनी थेंबांखाली हात धरला. तळवा ओला झाला तसा वास घेऊन बघितला. "आपल्या हवेत एवढं पाणी हाय?"

"थोडं हाय."

"मग उन्हाळ्यात कमी पडत असंल आन् पावसाळ्यात जास्त."

"व्हय, तसंच हुतं."

अण्णा धोतर सावरून चाकापाशी उकिडवे बसले. मिस्त्रीही त्यांच्याशेजारी बसला आणि नळी कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवू लागला. मी इंजिन चालू ठेवून बसून राहिले. त्यांचे प्रश्न संपायचं चिन्ह दिसत नव्हतं.