साहेबांचं बाथरूम

डेपोत तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत, कारण बस चालवणारी बाई तिथे ती एकटीच. सुरुवातीला पुरुष ड्रायव्हर नाकं मुरडायचे. तिने अरुंद गल्लीतून कुठेही न घासता बस बाहेर काढली, तसं ते नाक मुरडणं बंद झालं. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. डेपोत बायकांसाठी संडासच नव्हता.

म्हणून ती पाणीच पीत नसे. तापलेल्या इंजिनाशेजारी बसून नुसते ओठ ओले करायची. व्हायचं तेच झालं. लघवीला आग, ताप, कंबरेत कळा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "भरपूर पाणी प्या, आणि लघवी अजिबात रोखून धरू नका."

घरी तिने सासूबाईंना सांगितलं. त्यांचं सारं तारुण्य कापडगिरणीत गेलं होतं.

"आम्हीही असेच कोरड्या घशाने दिवस काढले," त्या म्हणाल्या. "माझी एक किडनी त्यातच गेली. सांगायची लाज वाटायची. तू नको गं लाजूस."

कामावर परतल्यावर ती पोटभर पाणी प्यायली आणि फेरी संपताच थेट डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. साहेब फोनवर बोलत होते. त्यांच्या खुर्चीमागचं बाथरूम उघडून तिने आतून कडी लावली. बाहेर आली, तर साहेब फोन हातात धरून तिच्याकडे बघतच राहिलेले.

"हे काय चाललंय, बाई?"

"लघवीला गेले होते, साहेब. पुढच्या फेरीनंतर परत येईन."

"तिकीट खिडकीवर बायका आहेत, सफाईला आहेत. त्या कधी काही बोलल्या नाहीत."

"त्या पाणी पीत नाहीत. विचारा त्यांना."

दुसऱ्या दिवशी बाथरूमला कुलूप. ती भांडली नाही. बसची किल्ली मुठीत धरून बाकावर जाऊन बसली. बस माणसांनी भरलेली. एक गृहस्थ खिडकीतून ओरडले, "संप आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "मला लघवीला जायचंय, आणि इथे जागा नाही. जाऊन आले की बस निघेल."

काहीजण उगाच इकडेतिकडे बघू लागले. पिशवी सावरत एक बाई खाली उतरली. "मी कपड्यांच्या दुकानात उभी असते दिवसभर. आमच्याकडेही हीच रड," म्हणत तिच्याशेजारी येऊन बसली. तिकीटवालीने खिडकी लावून घेतली आणि तीही आली. शेवटी कान लाल झालेले साहेब स्वतः कुलपाची चावी घेऊन बाहेर आले.

शिस्तभंगाचा ठपका बसलाच. सगळ्यात लांबचा, खड्ड्यांचा रस्ता तिच्या वाट्याला आला. तिने त्यावरही बस चालवली. केबिनमध्ये जाणंही सोडलं नाही, आणि आता बाकीच्याही जाऊ लागल्या. साहेबांना आपल्याच खोलीत बसणं नकोसं झालं, तेव्हा कुठे जुन्या टायरांची खोली रिकामी करून तिथे बायकांसाठी संडास बांधले गेले.

उद्घाटनाला साहेब कात्री घेऊन आले, तर दाराला आतून कडी.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी, सफाईवाली," आतून आवाज आला. "थांबा जरा."

साहेब थांबले.