तापलेला चुंबक आणि पहिली रांग

तुमची आई तिकडे ज्या ताऱ्यांवर काम करते, त्यांच्याबद्दल ती चारचौघांत पहिल्यांदा बोलली ती भोपाळला, आमच्या टाउनशिपच्या गणेशोत्सवात. तिला परदेशात पीएच.डी.साठी जागा मिळाली होती आणि तुमचे आजोबा अडून बसले होते. "आधी आपल्या लोकांना समजेल असं सांगून दाखव," ते म्हणाले, "मग जायचं की नाही ते मी सांगेन." ती बोलायला तयार झाली.

मराठी मंडळाच्या हॉलमध्ये बसण्याची एक रीत होती. कुणी ती सांगत नसे आणि कुणी चुकतही नसे. पुढे सोफ्यांवर कारखान्याचे मोठे साहेब, त्यांच्यामागे हुद्द्याप्रमाणे खुर्च्या, डावीकडे सतरंजीवर आम्ही बायका. त्या वर्षी प्रमुख पाहुणे होते जनरल मॅनेजर, लखनौकडचे, आजोबांचे वरिष्ठ. आजोबांची बढती त्यांच्याच सहीवर अडली होती. बोलणारीचे वडील म्हणून आजोबांना प्रथमच सोफ्याच्या कडेला जागा मिळाली. ते पाठ न टेकता बसले होते.

तुमची आई छान बोलत होती. काही तारे सूर्यापेक्षा फार तापलेले, निळसर असतात आणि त्यांतल्या थोड्यांना जबरदस्त चुंबकत्व असतं. अशा ताऱ्यावरून विद्युतभारित कणांचा वारा सतत सुटतो. चुंबकत्व त्या वाऱ्याला वळवतं. मग दोन्ही ध्रुवांकडून आलेले झोत मधोमध एकमेकांवर आदळतात आणि इतके तापतात, की त्यांतून क्ष-किरण निघतात. त्याच चुंबकत्वात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात. मला समजलं ते एवढं. चुकलं असेल तर तिलाच विचारा.

"रेडिओ म्हणजे गाणीबिणी लागतात का गं?" शेजारच्या वहिनी मला कोपराने ढोसून म्हणाल्या. मी हसले. लेकीला जमलं होतं.

शेवटी जनरल मॅनेजरांनी हात वर केला. "बेटी, एक बात बताओ. हमारे यहाँ तो चुंबक ज़्यादा गरम हुआ कि गया काम से. तुम्हारा सितारा कैसे बच गया?"

त्यांच्या आवाजात कौतुकच होतं. प्रश्नही चांगला असावा, कारण तिचे डोळे चमकले. पण ती तोंड उघडणार तोच आजोबा उठून उभे राहिले.

"बिलकुल सही, सर! ये तो हमारा अप्रेंटिस भी जानता है. किताबी पढ़ाई है, सर. बच्ची है."

आणि ते हसले. घरी ते कधीच तसं हसत नसत. साहेब हसले म्हणून सोफे हसले, मग खुर्च्या हसल्या आणि ते हसू एकेक रांग मागे सरकत दारापर्यंत गेलं. वहिनींनी कोपर आवरून घेतलं. माझे कान तापले. मी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"सर," तुमची आई म्हणाली. ती आजोबांकडे पाहत होती. स्वतःच्या वडिलांना ती सर म्हणत होती. "लोहे के लिए आपकी बात सही है. सितारे में लोहे का चुंबक नहीं है, गैस है, और उस गैस में बिजली बहती है. चुंबकत्व शायद जन्म से ही उसमें फँसा रह गया है. पक्का कोई नहीं जानता. मैं वही पढ़ने जा रही हूँ."

"शाबाश!" साहेबांनी टाळी वाजवली. मग सोफ्यांनी वाजवली, मग खुर्च्यांनी. आजोबांनीही वाजवली, सगळ्यांत जोरात. त्या हसण्यापेक्षा मला त्या टाळीचीच जास्त लाज वाटली.

आम्ही तिघं चालत क्वार्टरवर परतलो. दारात आजोबा बुटांची नाडी सोडायला खाली बसले आणि तसेच, वर न बघता म्हणाले, "चांगलं बोललीस. जा तू. माझी हरकत नाही."

"मी विचारलं नव्हतं, बाबा," ती हळूच म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

आजोबा वाकून बसूनच राहिले. नाडी कधीच सुटली होती, तरी बोटं तिच्याशी चाळा करत होती. मी पाहिलं हे त्यांना कळू नये म्हणून मी स्वयंपाकघराच्या ओट्याकडे वळले.