चढावरचा नळ

त्या वर्षी मी घरोघरी जाऊन राहणीमानाची पाहणी करण्याच्या कामावर होते. काम कंत्राटी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, डोक्यावरून ओढणी आणि सोलापूरचं ऊन. घर पक्कं आहे का, गॅस आहे का, मुली शाळेत जातात का, असं विचारायचं आणि मिळेल ते उत्तर दाबायचं. या उत्तरांवरून कुठल्या वस्तीतली माणसं किती मागं राहिली आहेत ते ठरणार होतं. अर्थशास्त्रात एम. ए. केलेल्या मला आपल्या विषयातलं काम मिळालं याचंच अप्रूप होतं.

एप्रिलमध्ये एक गल्ली माझ्या वाट्याला आली. बाजाराच्या रस्त्याला सुरू होऊन ती चढावर जायची. खालच्या अंगाला धान्याच्या, कापडाच्या व्यापाऱ्यांची दुमजली घरं. बहुतेक लिंगायत, घरात कानडी आणि दारात मराठी. वरच्या टोकाला बौद्ध कुटुंबांच्या पत्र्याच्या खोल्या. कोणी टॉवेलच्या कारखान्यात, कोणी हमालीला, एखादा पालिकेत नोकरीला.

अगदी शेवटच्या घरात माझ्याच वयाची एक बाई मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होती. मशीन न थांबवताच ती उत्तरं देत होती.

"घरात नळ आहे?"

"हाय की."

मी 'हो' दाबलं. तशी ती थांबली.

"आन् पाणी येतंय का, ते न्हाय विचारायचं?"

"ते यात नाही, ताई."

"मग बरुबर हाय. नळ हाय म्हणून लिवा. पाणी खालीच संपतंय." आणि तिनं परत मशीन सुरू केलं.

मी आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, नळ आहे ना? मग पुढच्या घरी चला." त्यांचीही चूक नव्हती, त्यांना वरून तेवढंच विचारलं होतं. पण खालच्या दुमजली घरातही मी तासाभरापूर्वी तेच 'हो' दाबून आले होते. माझ्या टॅबमध्ये गल्लीची दोन्ही टोकं आता सारखी झाली होती.

निघताना मी तिला विचारलं, "पाणी सुटतं तेव्हा मी आले तर चालेल?"

"या की. बघायला काय जातंय."

आमच्याकडं पाणी रोज येत नाही. मधे चार-पाच दिवस जातात, आणि सुटतं त्या दिवशी अख्खी गल्ली नळाला चिकटलेली असते. मी सकाळी लवकर गेले. आधी खालच्या व्यापाऱ्याच्या घरी थांबले. तिथल्या काकू पाहणीच्या वेळी मला आग्रहानं शेंगाचटणी-भाकरी खाऊ घालणाऱ्या. त्यांना म्हटलं, "काकू, एक काम करा. पाणी आलं की नळाखाली बादली लावा आणि मला फोन करा. मी वर तशीच बादली लावते."

"ते कशाला गं?"

"दोन्हीकडं कसं येतं ते बघायचंय."

त्यांना गंमत वाटली. मी चढ चढून वर गेले, तिथं मात्र गंमत नव्हती. पाण्याला जोर नाही म्हणून नळ जमिनीच्याही खाली, खड्डा करून बसवलेला. त्यात ती बाई वाकून बसली होती. फोन वाजला.

"आलं बघ! भरली की माझी. तुझी?"

"अजून थेंब नाही, काकू."

जरा वेळानं परत फोन. "आमचं पिंप भरत आलं. तुझी भरली का नाही अजून?"

नळाला तेव्हा कुठं करंगळीएवढी धार लागली होती. मी बादलीत डोकावले. "फक्त तळ झाकलाय."

मग त्या म्हणाल्या, "थांब, मी येते."

गुडघेदुखीच्या काकू चढ चढून आल्या. सून म्हणून या गल्लीत आल्या त्याला चाळीस वर्षं होत आली होती, आणि या टोकाला त्या पहिल्यांदाच येत होत्या. दारात पोचल्या तेव्हा त्यांना बोलवेना. पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे गं बाई जरा."

घरातल्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या सासूनंही पाहिलं. आपल्या हातचं पाणी या पितील का, हा प्रश्न तिथं कोणी बोलून दाखवला नाही, पण मला तो ऐकू आला. मग बाई आत गेली आणि तांब्या काठोकाठ भरून घेऊन आली. काकूंनी तो वरूनच घटाघटा प्यायला, उरलेल्या पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. मग खड्ड्यातल्या नळाकडं बघत बसल्या.

"आम्ही नळाला मोटार लावून पाणी ओढतो, त्यानं हे होतंय असं म्हणायचंय का तुला?" त्यांनी मला विचारलं. आवाज दुखावलेला होता.

मी काही बोलायच्या आत वरची बाई म्हणाली, "एकट्या तुमच्याच न्हाय, काकू. समद्यांच्या. चढ बी हाय."

"बंद करून बघू." त्यांनी सुनेला फोन लावला आणि कानडीत मोटार बंद करायला सांगितलं. शेजारच्या जावेलाही सांगितलं. आम्ही सगळ्या नळाकडं बघत राहिलो. धार जरा जाड झाली, फार नाही. काकू उठल्या. "बाकीच्यांना पण सांगायला पाहिजे," म्हणाल्या आणि उतारावरून एकेक दार वाजवत खाली गेल्या.

पुढच्या पाण्याला खालच्या बहुतेक घरांनी पहिला तासभर मोटारी लावल्या नाहीत. वरच्या नळाला आधी नुसती हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ. बादली भरून वाहिली तेव्हा म्हातारी सासू उगाचच हसत सुटली. सून मात्र मान खाली घालून पुढची बादली लावत होती.

"खूश नाही का?" मी विचारलं.

"हाय की. पर ताई, हेच मी किती येळा सांगायला गेलते. मी बोलले तं भांडाण झालं. काकू बोलल्या तं समद्यांनी ऐकलं."

माणसाच्या शब्दाचं वजन चढावर कमी आणि उतारावर जास्त का, हे कुठल्या पाहणीत कसं विचारायचं ते मला आजही नीटसं उमगलेलं नाही. पाहणीचा अहवाल पाठवताना मी वेगळा एक कागद जोडला: नळ आहे का, एवढं विचारून भागत नाही, पाणी किती आणि कधी, तेही विचारा. त्याचं पुढं काय झालं, मला कळलं नाही. माझं कंत्राट संपलं.

मधे काही महिने गेले. श्रावणात त्या बाजूला कामानिमित्त गेले, तर ती बाई बाजाराच्या रस्त्यावरच भेटली. नीट साडी नेसलेली, खांद्याला पिशवी. आता ती एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात जात होती. पाण्याच्या दिवशी हमखास खाडा पडायचा म्हणून आधी तिला कोणी कायम ठेवत नव्हतं. आता तासाभरात पाणी भरून ती वेळेवर पोचत होती.

"सगळे पाळतात का तो तास?" मी विचारलं.

"कुटलं! दोघं जण अजून चोरून मोटार लावत्यात. काकू दोनदा आजारी पडल्या, तवा तर समदंच मोडलं हुतं. मग मीच गेले दारोदार."

"ऐकलं?"

"एकानं दार लावून घेतलं. पर त्याच्या शेजारणीनं माझ्या वतीनं त्याला असं सुनावलं म्हणता!" ती हसली. "भांडाण अजून हाय, ताई. पर आता खालचे बी आमच्या बाजूनं भांडत्यात."

तेवढ्यात तिची शेअर रिक्षा आली. "उशीर झाला तर आमचा मास्तर बोलतोय," म्हणत ती घाईघाईनं चढली. आत दाटीनं बसलेल्या बायकांनी सरकून तिला जागा करून दिली.