काचेआडचा समुद्र

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या पावसाळ्यात हॉस्पिटलची शिफ्ट संपली की मी समुद्रावर गाडी लावून पाऊस थांबायची वाट बघायचे. शेजारच्या गाडीत नेहमी एक गोरी आजी असायची. एवढ्या उकाड्यातही मांडीवर शाल, हातात थर्मासचं झाकण, नजर समोर. एकदा काच खाली करून तिने मलाही चहा दिला. ती मूळची इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची, लोक सुट्टीला जातात त्या समुद्रकाठच्या गावातली.

मी म्हटलं, "इथे कायम राहायचा पीआर मिळाला की आईबाबांना बोलावून हा समुद्र दाखवणार."

ती हसली. "पाऊस थांबायची वाट बघितली असती, तर आमच्या गावात कुणी समुद्रच पाहिला नसता!"

पीआर अजून आलेला नाही. काल धो धो पावसात मी शेजारच्या गाडीकडे बघून चहाचा कप उंचावला, तेवढ्यात मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अगं, काच पूस आधी. समुद्र कुठंय?"